धारवाडचे जी. ए. आणि टपालातली मैत्री

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, अशी शिकवण आम्हांला लहानपणी घरात मिळाली. पाकीट उघडे पडले असले तरी त्यात डोकावायचे नाही. या बेटावर जन्मलेल्या आमच्या पिढीच्या घरी भारतातून पातळ निळ्या कागदाची हवाई पत्रे येत. ज्याच्या नावाचे पत्र असेल त्याने ते प्रथम वाचायचे आणि त्याला वाटले तरच इतरांना मोठ्याने वाचून दाखवायचे, असा नेम होता. म्हणून मराठीतील एका थोर कथाकाराची खाजगी पत्रे पुस्तकरूपाने आमच्या हाती आली, तेव्हा पहिले पान उलटताना आमचा हात थोडा अडखळला.

हे कथाकार म्हणजे जी. ए. कुलकर्णी. ती पत्रे त्यांनी सुनीताबाई देशपांडे यांना लिहिली होती. पुस्तके, कविता, चित्रे, गाणे आणि चित्रपट यांविषयी या दोन स्नेह्यांनी एकमेकांना मनमोकळेपणाने लिहिले. आज आम्ही वाचकांना जी. एं.च्या आयुष्याची आणि या मैत्रीची ओळख करून देणार आहोत. दुसऱ्याची पत्रे वाचावीत की नाही, हा प्रश्नही शेवटी सोडवावा लागेल.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा या गावी झाला. त्यांचे बालपण आणि शिक्षण बेळगावात झाले. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथे एकाच गल्लीत नांदत आणि मुलांच्या कानांवर दोन्ही पडत. घरचे सुख मात्र जी. एं.ना फार काळ लाभले नाही. जवळच्या माणसांचे मृत्यू त्यांनी तरुण वयातच पाहिले. पुढे त्यांनी लग्न केले नाही. आपल्या मावसबहिणींना मात्र त्यांनी आधार दिला. साऱ्या महाराष्ट्राला जी. ए. म्हणून माहीत असलेला हा माणूस घरात बाबुआण्णा होता.

इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. धारवाड येथे जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. जी. ए. मात्र होते तेथेच राहिले. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर कानडी आणि लिहिण्याच्या टेबलावर मराठी, असा त्यांचा दिवस जाई. सिंगापूरच्या वाचकांना ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको. आपणही शाळेत आणि कचेरीत इंग्रजी बोलतो, बाजारात चिनी आणि मलय शब्द वापरतो, आणि मराठी उरते ती उंबऱ्याच्या आत.

धारवाडात याच्या उलट उदाहरणही होते. थोर कानडी कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, पण त्यांची प्रतिभा फुलली ती कानडीत. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्रे यांना कानडी काव्यासाठी मिळाला. त्याच साली जी. एं.च्या मराठी कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. एकाच गावात एक मराठी घरातला माणूस कानडीचा महाकवी होतो आणि दुसरा कानडी मुलखात राहून मराठी कथेला नवी उंची देतो, हे पाहिले की भाषेच्या सीमा नकाशावर दिसतात तितक्या सरळ नसतात हे पटते. संगीताच्या बाबतीतही हा मुलूख श्रीमंत. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल शेजारच्या हुबळीच्या आणि भीमसेन जोशी जवळच्याच गदगचे. अशा मातीत राहणाऱ्या माणसाला कलेची भूक असावी यात नवल ते काय?

जी. एं.च्या कथा ‘सत्यकथा’ मासिकातून वाचकांपुढे येऊ लागल्या. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर या नवकथाकारांनी मराठी कथेचे रूप पालटले होते. गाडगीळ आणि जी. ए. एकाच वर्षी जन्मलेले, पण जी. एं.ची वाट निराळी निघाली. ‘निळासावळा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५९ साली निघाला. १९६० साली ‘पारवा’, १९६२ साली ‘हिरवे रावे’ आणि १९६६ साली ‘रक्तचंदन’ हे संग्रह आले. बेळगाव-धारवाडकडची साधी, पिचलेली, मानी माणसे त्यांत भेटतात. दैव त्यांना कोपऱ्यात गाठते आणि ती आपापल्या रीतीने झुंजतात. ‘चैत्र’ या कथेत हळदीकुंकवाच्या प्रसंगी झालेला एका स्त्रीचा अपमान आणि तिचा स्वाभिमान आहे. ज्याने असे हळदीकुंकू पाहिले आहे त्याला ती कथा विसरता येत नाही.

१९७२ सालच्या ‘काजळमाया’पासून त्यांची कथा अधिकाधिक दूरच्या प्रदेशांत जाऊ लागली. राजे, विदूषक, प्रवासी, अज्ञात नगरे आणि जुन्या दंतकथा तिच्यात आल्या. १९७५ सालच्या ‘रमलखुणा’ या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घ कथा आहेत. १९७७ सालच्या ‘पिंगळावेळ’मध्ये ‘ऑर्फियस’ ही कथा आहे. आपल्या गाण्याने मृत्युलोकाचे दार उघडणाऱ्या ग्रीक गायकाची जुनी कहाणी जी. एं.नी तीत नव्याने विचारात घेतली. त्याच संग्रहातल्या ‘यात्रिक’मध्ये डॉन किहोटे आणि त्याचा सेवक मराठी बोलतात. जगातले वाचन या माणसाच्या अंगी इतके मुरले होते की परकी पात्रेही त्याच्या मराठीत पाहुणी वाटत नाहीत. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या तीन कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. लहानांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली. आम्ही शिक्षक असल्याने हे पुस्तक आमच्या विशेष आवडीचे. मुलांसाठी लिहिताना बोबडे बोलावे लागत नाही, हे त्यातून शिकावे.

जी. ए. केवळ लेखक नव्हते. ते चित्रेही काढीत. रंग आणि रेषा यांची त्यांना जाण होती आणि ती कथांमध्ये पदोपदी दिसते. निळासावळा, पारवा, हिरवे, रक्तचंदन, काजळ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. रंगांची पेटी उघडल्यासारखे वाटते.

असा हा मोठा लेखक लोकांत मात्र फारसा मिसळला नाही. सभा, सत्कार, संमेलने यांपासून ते दूर राहिले. डोळ्यांवर काळा चष्मा, मोजकी ओळख, संध्याकाळी क्लबात पत्त्यांचा डाव, आणि मग आपले घर व आपली पुस्तके, असा त्यांचा क्रम. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून ते नियमात बसते की नाही असा वाद निघाला. जी. एं.नी पुरस्कार परत केला. कोणी तो काढून घेतला नव्हता. पण ज्या मानावर कोणी बोट ठेवू शकेल असा मान घरात ठेवायचा नाही, अशी त्यांची वृत्ती होती.

यावरून वाचकांचा असा समज होईल की हा गृहस्थ माणूसघाणा होता. ही समजूत पत्रांनी खोटी ठरवली. सभेत न बोलणारा हा माणूस कागदावर मात्र अखंड बोले. प्रकाशक, समीक्षक, लेखक अशा कितीतरी जणांना त्यांनी पत्रे लिहिली आणि त्यांत सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचे स्थान वेगळे आहे.

सुनीताबाईंचा जन्म ३ जुलै १९२६ रोजी रत्नागिरीस झाला. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि १९४६ साली त्या पु. ल. देशपांडे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. पु. ल. म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचे लाडके. त्यांच्या घरी माणसांचा राबता, गाण्याच्या बैठका, नाटकांच्या तालमी. या साऱ्या पसाऱ्याची शिस्त सुनीताबाईंच्या हाती होती. पण त्यांची स्वतःची खरी आवड कवितेची. असंख्य कविता त्यांना तोंडपाठ होत्या. मर्ढेकर, बोरकर आणि आरती प्रभू यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांनी केले, आणि छापील कविता कानांनी ऐकायची गोडी श्रोत्यांना लावली.

आता पाहा, ही जोडी किती विजोड! धारवाडचे घर शांत, तर देशपांड्यांचे घर गजबजलेले. जी. एं.च्या कथा काळोखाच्या, तर सुनीताबाईंच्या घरात साऱ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस. जी. एं.चा ओढा जगातल्या कथा-कादंबऱ्यांकडे, सुनीताबाईंचा मराठी कवितेकडे. तरीही जी. एं.च्या आयुष्याच्या उत्तरकाळात या दोघांचे सूर जुळले. ही मैत्री भेटींपेक्षा टपालावरच अधिक वाढली. नुकतेच वाचलेले पुस्तक, पाहिलेला चित्रपट, मनात घर करून बसलेले एखादे चित्र, गाण्याची मैफल, भेटलेली माणसे आणि स्वतःच्या मनातले सल, सारे त्या पत्रांत येते.

आम्हांला या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाची वाटली ती मत देण्याची रीत. आजकाल मत विचारले की लोक चांगले आहे किंवा वाईट आहे एवढे बोलून मोकळे होतात. आमच्या वर्गातली मुलेही तसेच करतात. पण समोरच्या माणसाविषयी आदर असला की एवढ्यावर भागत नाही. आपल्याला हे का आवडले, कोठे आवडले, कोणत्या जुन्या आठवणीला त्याने हात घातला, हे सांगावे लागते. नावडले असेल तर तेही लपवून चालत नाही, कारण खोटी स्तुती जाणकाराला लगेच कळते. जी. ए. आणि सुनीताबाई दोघेही खोट्या स्तुतीच्या बाबतीत कडक. त्यामुळे त्यांच्या पत्रांत एकमेकांची पाठ थोपटणे नाही. आपल्या आवडीच्या गोष्टी एकमेकांपुढे ठेवायच्या, आणि दुसऱ्याला त्या तशाच आवडल्या नाहीत तर रुसायचे नाही, हा त्यातला धर्म.

टपालाच्या चालीचाही त्यात वाटा होता. पत्र पोचायला काही दिवस लागत, उत्तर यायला आणखी काही. तेवढ्या वेळात मत मुरत असे, लोणच्यासारखे. रागाच्या भरात सुचलेले वाक्य दुसऱ्या दिवशी खोडावेसे वाटे. उत्तराची वाट पाहताना माणूस तेच पुस्तक पुन्हा चाळून पाही. समोरासमोरच्या वादात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. पत्रात आवाजच नसतो, म्हणून तेथे विचाराला वाव मिळतो.

आयुष्याच्या अखेरच्या काळात जी. ए. धारवाड सोडून पुण्यास आले. तेथेच ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे चौसष्ट. त्यानंतर १९८८ साली ‘माणसे अरभाट आणि चिल्लर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात भेटलेल्या माणसांच्या आठवणी आहेत, आणि स्वतःविषयी सहसा न बोलणारे जी. ए. त्या माणसांच्या आडून थोडे दिसतात. २००० च्या सुमारास अमोल पालेकर यांनी ‘कैरी’ या त्यांच्या कथेवर चित्रपट काढला आणि २००२ साली ‘चैत्र’वर क्रांती कानडे यांनी लघुपट केला. चित्रपटांविषयी आपले मत पत्रातून कळवणाऱ्या या लेखकाला स्वतःच्या कथांवरचे हे चित्रपट मात्र पाहता आले नाहीत.

१९९५ साली जी. एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड आला. त्यात सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे होती. सुनीताबाईंनी जी. एं.ना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुढे २००३ साली निघाली. म्हणजे मधली आठ वर्षे वाचकांना या संभाषणाची एकच बाजू ऐकू येत होती. शेजारच्या घरात कोणी टेलिफोनवर बोलत असावे आणि पलीकडचा माणूस काय म्हणतो ते आपण तर्काने ताडावे, तसे ते होते. दुसरे पुस्तक आले आणि मग दोन्ही आवाज मिळून गाणे पुरे झाले. सुनीताबाईंचे निधन ७ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्यास झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. ज्याने आयुष्यभर स्वतःला लोकांच्या नजरेपासून जपले, त्याची खाजगी पत्रे त्याच्या मागे छापावीत काय? आमचे एक जुने स्नेही आहेत, याच बेटावर वाढलेले. त्यांच्याशी आमचा या विषयावर मोठा वाद झाला. सेरंगून रोडवरच्या एका चहाच्या टेबलावर आम्ही दोन तास बसलो होतो. त्यांचे म्हणणे असे की, लेखकाने कथा जगाला दिली, पत्र एका व्यक्तीला दिले. त्या दोन देण्यांत फरक आहे आणि तो मृत्यूने पुसला जात नाही. काळा चष्मा घालणाऱ्या माणसाचा चष्मा त्याच्या माघारी काढू नये.

आम्ही तेव्हा याच्या उलट बोललो. पण खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे आमच्या मनाला लागले. घरी येऊन आम्ही पत्रे पुन्हा वाचली आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्याच्या नावाचे पत्र त्याने वाटल्यास इतरांना वाचून दाखवावे, असा नेम आमच्याच घरात होता ना? ती पत्रे सुनीताबाईंच्या नावाची होती. त्यांनी ती जपली, आणि वेळ आल्यावर इतरांना वाचू दिली. इतकेच नव्हे तर स्वतःची पत्रेही पुढे वाचकांसमोर आली. दुसऱ्याला उघडे करून आपण पडद्याआड राहिल्या नाहीत. हा प्रामाणिकपणा पाहून आमची शंका बरीचशी फिटली. पूर्ण फिटली असे म्हणवत नाही. अजूनही एखाद्या पानावर जी. ए. फार हळवे होतात, तेव्हा आम्ही नकळत दोन ओळी गाळून पुढे जातो. आमच्या स्नेह्यांच्या मताला दिलेला तो मान समजावा.

या बेटावरच्या आपल्या लोकांना ही कहाणी सांगावीशी वाटण्याचे कारण वेगळे आहे. येथील शाळांत तमिळ शिकवतात. आपली मुले हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दूही घेऊ शकतात. मराठी त्या यादीत नाही. मराठी घरातले मूल शाळेत बहुधा हिंदी शिकते आणि आजीशी मोडके मराठी बोलते. अनेक पालक आम्हांला विचारतात की, एवढ्या थोड्या लोकांत ही भाषा टिकणार कशी? वर्ग काढावेत, सण साजरे करावेत, नाटके बसवावीत, हे तर खरेच. पण जी. एं.चे आयुष्य पाहिले की आणखी एक उत्तर सुचते. कानडी गावात राहून, इंग्रजी शिकवून, या माणसाने मराठीत लिहिले, आणि मनातले बोलायला त्याला गर्दी लागली नाही. दूरच्या गावी उत्तर देणारे एक माणूस होते, तेवढे त्याला पुरले.

भाषा गर्दीने टिकते हे खरे, पण ती खोल होते ती दोन माणसांत. बाजारहाट, जेवणखाण, तब्येतीची विचारपूस यांना दोनशे शब्द पुरतात. एखादे गाणे ऐकून घशाशी का दाटून आले, हे सांगायचे असेल तर मात्र सारी भाषा कामाला लावावी लागते. ज्या दिवशी आपण अशा गोष्टी मराठीत सांगणे सोडून देतो, त्या दिवसापासून घरातली मराठी स्वयंपाकघरापुरती उरते.

आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर पत्रपेट्यांची लांबच लांब रांग आहे. आमच्या पेटीत आता विजेची बिले आणि जाहिराती याच येतात. गेल्या महिन्यात मात्र तिच्यात एक पाकीट सापडले. चहाच्या टेबलावर आमच्याशी भांडलेल्या त्या स्नेह्यांनी, दोन वसाहती पलीकडे राहत असूनही, टपालाने पत्र पाठवले होते. अक्षर वाकडेतिकडे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. मजकूर मात्र चार पाने. ‘ऑर्फियस’विषयी आमचे मत त्यांना साफ अमान्य आहे, आणि का अमान्य आहे ते त्यांनी मराठीत लिहिले आहे.

शिक्षकाच्या सवयीने लाल पेन हातात आले होते. ते आम्ही खाली ठेवले आणि उत्तर लिहायला बसलो.